संगणकाची मंद जागृति

सकाळीं संगणकाची कळ दाबावी आणि तो कामास सिद्ध होईपर्यंत स्नानसंध्या उरकून यावें, अशी स्थिति सांप्रत पुष्कळ घरांत आहे. यंत्र एक, आणि त्याजवर सुनेचें कचेरीचें काम, नातवंडांचा अभ्यास, थोरल्यांचे बँकेचे व्यवहार, अशी सर्वांची दाटी. तेव्हां पांच मिनिटांचा विलंबहि कुरबुरीस कारण होतो. मग कोणी तरी निकाल देतो कीं, जुना झाला, नवा घ्या. आमचें म्हणणें इतकेंच कीं, नव्यासाठीं तीस-चाळीस हजार मोजण्यापूर्वीं जुन्याचें निदान व्हावें. नाडी पाहिल्यावांचून वैद्य मात्रा उगाळीत नाहीं.

या निदानाचें पहिलें साधन म्हणजे भिंतीवरचें घड्याळ. कळ दाबल्यापासून विंडोजचें चिन्ह दिसेपर्यंत किती वेळ गेला, तेथून परवलीचा शब्द विचारला जाईपर्यंत किती, आणि तो दिल्यापासून माउस निमूटपणें ऐकूं लागेपर्यंत किती, हे तीन आंकडे कागदावर टिपावे. ‘फार वेळ लागतो’ ही नुसती तक्रार झाली. हे तीन आंकडे म्हणजे लक्षण.

पहिलाच काळ मोठा असेल तर विंडोजला बोल लावूं नये. त्या प्रणालीस अद्याप जागच आलेली नसते. त्या वेळीं यंत्र आपली मेमरी, कीबोर्ड वगैरे तपासून, प्रणाली कोणत्या डिस्कवर आहे याचा शोध करीत असतें. विसरून लावलेला राहिलेला पेनड्राइव्ह असला तर कित्येकदां तोहि चांचपला जातो. तो काढून पुन्हां मोजावें.

तिसरा काळ मोठा असेल तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांतील ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ या सदरांत, यंत्र जागें होतांच न बोलावितां पाटावर येऊन बसणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी सांपडते. गप्पांचा एक, संगीताचा एक, छपाईयंत्राबरोबर आलेला एक, नातवाच्या खेळाचे दोन. प्रत्येकापुढें त्याचा भार ‘हाय’, ‘मीडियम’ किंवा ‘लो’ असा दाखविलेला असतो. नको असेल त्यावर माउसची उजवी कळ दाबून ‘डिसेबल’ निवडावें. यानें तो प्रोग्रॅम नाहींसा होत नाहीं; बोलावल्यावर येतो, आणि मन बदललें तर तेथेंच ‘एनेबल’ करितां येतें. हें वडीलधाऱ्यांस मुद्दाम सांगतों, कारण कांहीं पुसलें जाईल या भयानें ते हातच लावीत नाहींत. विषाणुरोधक प्रोग्रॅम तेवढा असूं द्यावा. जो ओळखतां येत नाहीं त्याच्याहि वाटेस जाऊं नये. यंत्र वेगवान करून देण्याचें आमिष दाखविणारे ‘सफाई’चे प्रोग्रॅम मात्र घेऊंच नयेत. त्यांतले बरेचसे याच यादींत ठाण मांडतात. चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या!

आणखी एक गैरसमज. ‘शट डाउन’ केलें म्हणजे दुसऱ्या दिवशीं कोरी सुरुवात होते, असें लोक मानितात. 2012 सालीं आलेल्या विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ अशी एक सोय आहे. ती चालू असली म्हणजे प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि तोच पुन्हां उचलला जातो. सबब कालचा बिघाड आजहि उरूं शकतो. कोरी सुरुवात ‘रीस्टार्ट’नें होते.

मधला काळ लांबत असेल, किंवा यादी छाटूनहि तिसरा कमी होत नसेल, तर त्याच टास्क मॅनेजरांत ‘परफॉर्मन्स’ सदरांत डिस्कपुढें ‘एचडीडी’ आहे कीं ‘एसएसडी’ तें पाहावें. एचडीडी असून ती सुरुवातीचीं कित्येक मिनिटें शेंकडा 100 कामांत दिसली, तर रोग सांपडला. येथें थोडें गणित करूं. जुनी खोड आहे. मिनिटास 7200 फेरे घेणारी तबकडी सेकंदास 120 फेरे घेते. हवा तो मजकूर वाचणाऱ्या टोंकाखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा 240 वा भाग लागतो. तें टोंक जागेवर नेण्याचा वेळ त्यांत मिळविला, कीं विखुरलेले तुकडे सेकंदास शंभराच्या आसपासच वाचून होतात. लॅपटॉपांतील पुष्कळ तबकड्या तर 5400 फेऱ्यांच्याच. आणि जागें होतांना विंडोजला असे हजारों तुकडे हवे असतात. एसएसडींत फिरणारें कांहींच नाहीं, म्हणून हा खोळंबा जवळजवळ संपतो. जुन्या लॅपटॉपांत बहुधा अडीच इंची एसएसडी बसते, आणि हा खर्च नव्या यंत्राच्या मानानें अल्प आहे. मेमरी 4 जीबीच असेल व वाढविण्यास जागा असेल, तर त्याच खेपेस ती 8 करून घ्यावी.

परंतु कालपर्यंत बरें चालणारें यंत्र एकाएकीं मंद झालें, फाइली उघडतांना अडखळूं लागलें आणि आंतून टकटक ऐकूं येऊं लागली, तर हा आळस नव्हे; तबकडीची अखेर जवळ आली असें समजावें. अशा वेळीं सफाई, फेरमांडणी, दुरुस्तीच्या तपासण्या, कांहीं एक करूं नये. त्या श्रमानेंच ती बसते. आधीं बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यावी. मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें, आजोबांच्या वह्यांच्या प्रतिमा, गेलेल्या माणसांचा आवाज, असें जें पुन्हां मिळावयाचें नाहीं तें प्रथम. सिनेमे व गाणीं शेवटीं. प्रत घेतांना यंत्र अडून बसलें तर हट्ट न धरितां तें बंद करावें आणि जाणत्याकडे न्यावें. प्रत पुरी झाली तर दुसऱ्या संगणकावर तींतल्या पांच-सात फाइली उघडून पाहाव्या, मगच यंत्र दुकानीं द्यावें. आणि परत आणतांना जुनी तबकडी मागून घ्यावी, कारण घरची सारी खाजगी माहिती तींत तशीच असते.