हुबेहूब कॅसेटसारखे

एखाद्या जुन्या रॉक बँडने आपल्या गाजलेल्या अल्बमच्या तिसाव्या किंवा चाळिसाव्या वर्षानिमित्त दौरा काढला, की समीक्षक मंडळी ठरलेला आरोप करतात: हे लोक जुन्या पुण्याईवर पैसा गोळा करीत आहेत. आरोप अगदीच खोटा नाही, पण तो चुकीच्या पत्त्यावर जातो, असे आमचे मत आहे. अशा दौऱ्यांत जे काही निर्जीव आणि ठोकळेबाज असते, त्याची मोठी जबाबदारी व्यासपीठावरच्या चार म्हाताऱ्यांवर नसून समोर उभ्या असलेल्या आपणा हजारोंवर आहे. चाहत्यांच्या अपेक्षा हा या व्यवहारातील सर्वांत कमी तपासला गेलेला भाग आहे. चाहता म्हणजे निष्पाप भक्त, असे गृहीत धरून सगळे त्याला सोडून देतात. आम्ही सोडणार नाही. आम्हीही त्यांच्यापैकीच आहोत.

उदाहरण म्हणून आयर्लंडच्या 'यूटू' या बँडचा 'द जोशुआ ट्री' दौरा घेऊ. हा अल्बम मार्च १९८७ मध्ये आला. त्याच्या तिशीनिमित्त मे २०१७ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हरहून दौरा सुरू झाला आणि त्याचा दुसरा टप्पा १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर संपला. हा बँड भारतात वाजवत होता तो पहिल्यांदाच. त्या मैदानात आम्हीही होतो. कार्यक्रम सुटल्यावर फाटकाकडे सरकणाऱ्या गर्दीत दोन तऱ्हेचे अभिप्राय ऐकू येत होते. एक, "अगदी कॅसेटसारखं वाजवलं!" आणि दुसरा, "कॅसेटसारखं नाही वाजवलं." स्तुती आणि निंदा यांची मोजपट्टी एकच असावी, ही गोष्ट साहित्याच्या शिक्षकाला अस्वस्थ करणारी आहे.

अल्बममधील अकराही गाणी मूळ क्रमाने वाजवायची, ही या दौऱ्याची अट होती. हा मूळ क्रम चाहत्यांच्या लेखी वेदमंत्रांइतका अढळ. आता या क्रमाचा इतिहास पाहा. गाण्यांचा क्रम बँडला लावता येईना, तेव्हा ते काम कर्स्टी मकॉल या गायिकेकडे सोपवले गेले. निर्माते स्टीव्ह लिलीव्हाइट यांच्या त्या तेव्हाच्या पत्नी. 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम' आरंभी आणि 'मदर्स ऑफ द डिसअपिअर्ड' अखेरीस, एवढीच बँडची अट होती. मधली गाणी त्यांनी आपल्या आवडीच्या उतरत्या क्रमाने लावली. म्हणजे ज्या क्रमाला आपण कलाकृतीची आंतरिक अपरिहार्यता वगैरे म्हणतो, तो एका चोखंदळ श्रोतीची वैयक्तिक पसंती आहे. त्या क्रमाचा मान जरूर राखावा; पण एका श्रोतीला जे स्वातंत्र्य १९८७ साली होते, ते तीस वर्षांनंतर खुद्द गाणी रचणाऱ्यांना असू नये, हा कुठला न्याय?

या क्रमाने मैफलीचे नुकसानही होते. सर्वांत लोकप्रिय तीन गाणी अल्बमच्या सुरुवातीलाच आहेत. तबकडीवर हे शोभते. घरी ऐकणारा ती बाजू संपली की उठतो, तबकडी उलटतो, दुसऱ्या बाजूच्या अंतर्मुख गाण्यांशी त्याची वेगळी, शांत गाठ पडते. मैदानावर तबकडी उलटायला कोणी उठत नाही. तेथे शिखर आधी आणि चढण नंतर असा उफराटा प्रवास होतो. संवादलय, विरोधलय, समतोललय ही मर्ढेकरांची परिभाषा आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. तिच्या भाषेत सांगायचे तर तबकडीतील लयबंध त्या माध्यमाचा आहे, मैफलीत तो तसाच उचलून ठेवला की समतोल ढळतो. हे बँडला कळत नसेल असे नाही. म्हणून त्यांनी अल्बमपूर्वी आधीच्या काळातील चार-पाच गाणी जोडली आणि नंतर पुढच्या काळातील. तरीही चाहत्यांची तक्रार काय? "मध्ये जरा पडलं." संपूर्ण अल्बम क्रमाने मागायचा, आणि मग तो क्रमाने आल्याबद्दल कुरकुर करायची!

आवाजाच्या अपेक्षेबद्दल तर अधिकच बोलले पाहिजे. अल्बम आला तेव्हा गायक बोनो सव्वीस वर्षांचा होता. नेरूळला तो एकोणसाठ वर्षांचा होता. 'रेड हिल मायनिंग टाउन' हे ब्रिटनमधील १९८४-८५ च्या खाणकामगार संपाच्या पार्श्वभूमीवरचे गाणे. ते २०१७ पर्यंत बँडने एकदाही जाहीर मैफलीत म्हटले नव्हते. तीस वर्षे चाहते त्यासाठी झुरत होते. अखेर ते आले, पण बदललेल्या रूपात: पट्टी उतरलेली, चाल संथ, आणि मागच्या अवाढव्य पडद्यावर ब्रास बँडचे वादक. आमच्या मते त्या दौऱ्यातील ते सर्वांत खरे गाणे होते. तरुण माणूस संपकऱ्याच्या संसारावर गातो तेव्हा त्यात आक्रोश असतो; साठीकडे झुकलेला माणूस तेच गातो तेव्हा संप हरल्यानंतरची तीस वर्षे त्यात येतात. पण "मूळ पट्टीत हवे होते" असे म्हणणारे निघालेच. अहो, मूळ पट्टीत ते तेव्हाही मैफलीत आले नव्हते!

मराठी माणसाने या बाबतीत फार ताठ मानेने बोलू नये. बालगंधर्व उतारवयातही स्त्रीभूमिका करीत राहिले, आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी त्यांच्याकडून तीच पदे, तेच 'वन्स मोअर' मागून घेतले. त्याला आपण रसिकता म्हणत आलो. त्यात रसिकता होतीच. पण समोरच्या माणसाला म्हातारे होण्याची परवानगी नाकारणारा एक हट्टही होता. तो हट्ट आम्हांला नेरूळच्या मैदानावर पुन्हा भेटला, एवढेच.

यावर एक प्रतिवाद आमच्याच एका सहकाऱ्याने केला. ते म्हणाले, वारीत दरवर्षी तेच अभंग म्हटले जातात. तेथे कोणी नावीन्य मागत नाही. मग रॉकच्या चाहत्यालाच दोष का? प्रतिवाद चांगला आहे, पण तो आमच्याच बाजूला पडतो. वारकरी स्वतः गातो. अभंग त्याच्या तोंडी असतो, टाळ त्याच्या हातात, आणि ज्या वर्षी घरात जे घडले असेल ते घेऊन तो चालत असतो. त्याची पुनरावृत्ती त्याच्या देहातून जाते. शास्त्रीय गाण्याचा श्रोताही यमन पुन्हा मागतो, पण कालचाच यमन मागत नाही. तीन मिनिटांची जुनी ध्वनिमुद्रिका गायकाने मैफलीत जशीच्या तशी म्हटली तर पहिल्या रांगेतले उठून जातील. वर्धापनदिनाचा श्रोता मात्र ठरलेला यमन, ठरलेल्या जागा आणि ठरलेले वय मागतो. पैसे मोजलेत, हा त्याचा शेवटचा युक्तिवाद. पैसे मोजून माणूस मैफलीत बसण्याचा हक्क मिळवतो. गाणाऱ्याच्या चरित्रातील एक वर्ष गोठवून ठेवण्याचा नव्हे.

चाहत्यांचा दुसरा एक वर्ग स्वतःला या सर्वांपेक्षा वरचा समजतो. त्याला लोकप्रिय गाणी नकोत. त्याला दुर्मीळ हवे. मागच्या गावी काय वाजवले याची सेटलिस्ट त्याला पाठ असते, कोणते गाणे किती वर्षांनी आले याच्या नोंदी तो ठेवतो. 'एक्झिट' हे गाणे १९८९ नंतर थेट २०१७ मध्येच आले, हे त्याने आम्हांला ऐकवले. गाण्यात काय आहे, ते का वाजवले जात नव्हते, आता का वाजवले, याबद्दल त्याला फारसे काही म्हणायचे नव्हते. आपल्या विद्यापीठांत हस्तलिखिताचा शोध लावणारा आणि ते न वाचणारा जो संशोधक भेटतो, त्याचे हे जुळे भावंड. (या वर्गात आमच्यापैकी एकाचा काही काळ समावेश होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.)

नेरूळच्या कार्यक्रमाला आणखी एक गंमत चिकटलेली होती. वर्धापन कशाचे? बँड येथे १९८७ साली आला नव्हता. रोलिंग स्टोन्स एप्रिल २००३ मध्ये बंगळूर आणि मुंबईला आले, तेही त्यांच्या चाळिशीच्या दौऱ्यात. पाश्चात्त्य रॉकचा पहिला उत्सव आपल्याकडे अनेकदा त्याच्या वर्धापनदिनीच पोचतो. जे घडलेच नाही, त्याची आठवण काढायला आपण जमतो. आमच्या पिढीने 'द जोशुआ ट्री' ऐकला तो नव्वदच्या दशकात, वसतिगृहात, दुकानातून भरून आणलेल्या कॅसेटवर. दुकानदाराने दुसऱ्या बाजूच्या आरंभी भलतीच दोन गाणी भरली होती, त्यामुळे अखेरचे 'मदर्स ऑफ द डिसअपिअर्ड' अर्ध्यावर तुटत असे. कित्येक वर्षे ते गाणे तसेच संपते, अशी आमची समजूत होती. अशा माणसांनी 'मूळ' या शब्दावर हक्क सांगावा काय? आमचे स्मरणरंजन हे असे उसने, तुटक आणि कॅसेटच्या लांबीने ठरलेले.

आणि नेमके तेच गाणे या सगळ्या वादाचे मर्म आहे. बोनो १९८६ मध्ये निकाराग्वा आणि एल साल्वादोर येथे जाऊन आला होता. लॅटिन अमेरिकेतील राजवटींनी ज्यांची मुले गायब केली, त्या आयांवर हे गाणे आहे. 'बुलेट द ब्लू स्काय' हेही त्याच प्रवासातून आलेले. अमेरिकेतील २०१६ च्या निवडणुकीनंतर ही गाणी पुन्हा आजची वाटू लागली, हे गिटारवादक द एज याने दौऱ्याचे एक कारण म्हणून सांगितले होते. म्हणजे निदान बँडच्या बाजूने तरी हा केवळ वाढदिवस नव्हता. १५ डिसेंबर २०१९ च्या त्याच संध्याकाळी दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियाच्या आवारात पोलीस शिरले होते. मैदानात अनेकांच्या फोनवर ते येत होते, आमच्याही. ज्यांच्या वयाची मुले आम्ही रोज शिकवतो, ती तेथे होती. पडद्यावर मेणबत्त्या धरलेल्या स्त्रिया आणि हातात दिल्लीची बातमी. त्या क्षणी हे गाणे १९८७ चे राहिले नव्हते. ते जुने आहे, एवढे विसरले असते तरी पुरे होते.

पण विसरायला कोणी तयार नव्हते. मैदान कंटाळले होते, कारण हे 'ते' गाणे नव्हे. नंतर ए. आर. रहमान आले आणि 'अहिंसा' हे त्याच वर्षीचे नवे गाणे झाले, तेव्हा आमच्या मागच्या रांगेतील गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "हे कशाला मध्ये?" नव्या गाण्याला मधला अडथळा मानणारा हा श्रोताच उद्या लिहिणार, की या बँडकडे आता नवे काही उरले नाही.

जोशुआचे ते झाड, ज्याच्या छायाचित्रामुळे ते सगळ्या जगाला माहीत झाले, साधारण २००० च्या सुमारास कोसळले. कॅलिफोर्नियातील डार्विन या गावाजवळ, ओसाड जागी ते पडून आहे. त्याच नावाचे राष्ट्रीय उद्यान तेथून खूप दूर. अनेक चाहते त्या उद्यानात जाऊन चुकीची झाडे शोधतात. जे योग्य ठिकाणी पोचतात, ते आडव्या खोडाभोवती वस्तू ठेवून येतात. दौऱ्यात मात्र पडद्यावर ते झाड उभेच होते, मैदानाहून उंच. उभे दाखवणे बँडला भाग होते. आडवे दाखवले असते तर आपण तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

परतीच्या लोकलमध्ये नेरूळहून एक विद्यार्थी आमच्या डब्यात चढला. दुसऱ्या महाविद्यालयाचा, पण ओळखीचा. वाशी येईपर्यंत फोनवर टिपलेली दृश्ये दाखवीत होता. पहिली तीन गाणी पूर्ण होती. अखेरचे आहे का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "सर, तेव्हा मी पाण्याच्या रांगेत होतो." आमच्यातील एकजण खिडकीबाहेर पाहू लागले. तेही त्याच रांगेत होते.