तांबेऱ्याला रोखणारे बियाणे आणि बारमाही हिरवे शिवार

कुंभकोणमजवळचे तिरुभुवनम् हे गाव रेशमी साड्यांसाठी ओळखले जाते. तेथून मयिलाडुतुरैच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की आडुतुरै लागते. येथील भात संशोधन केंद्र १९२२ साली स्थापन झाले. त्याच्या काही वर्षे आधी, १९१८च्या सुमारास, कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशात भातावरील करपा रोगाने शेतकऱ्यांची झोप उडवली होती. पुढे आडुतुरैचे करप्याला सहज बळी पडणारे एडीटी १० आणि कोइंबतूरचे रोगाला दाद न देणारे को ४ यांच्या संकरातून को २५ हे वाण निघाले. रोगाचा उपाय बियाण्यातच शोधायचा, हा विचार भारतात रुजवणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक. तरीही करप्यावरील संशोधन आजतागायत थांबलेले नाही, कारण बुरशीही थांबलेली नाही.

महाराष्ट्रातील सोयाबीन उत्पादकांनी हा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे. ऑगस्ट २०२४मध्ये दिल्लीत ६१ पिकांची १०९ वाणे एकाच दिवशी प्रसृत झाली. अशा प्रसंगीच्या बातम्यांत ‘रोगप्रतिकारक’ हा शब्द एखाद्या कायमस्वरूपी गुणासारखा वापरला जातो. तो तसा नाही.

सांगली, कोल्हापूर, सातारा आणि सीमेपलीकडील बेळगाव, धारवाड हा तांबेऱ्याचा जुना मुलूख. पावसाळी, दमट हवेत पान काही तास ओले राहिले की या बुरशीचे बीजाणू रुजतात, पानांच्या मागच्या बाजूला तपकिरी फोड उठतात आणि शेंगा भरण्याआधीच पाने गळतात. दीर्घकाळ राज्य गाजवलेले जेएस ३३५ हे वाण या रोगापुढे हतबल ठरले. मग धारवाडच्या कृषी विद्यापीठाने त्याच जेएस ३३५चा परदेशातून आणलेल्या ईसी २४१७७८ या प्रतिकारक जननद्रव्याशी संकर करून डीएसबी २१ हे वाण दिले. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्रातून फुले संगम आले. शेतकरी त्याला नुसते ‘७२६’ म्हणतात. पिकाला अशी टोपणनावे मिळणे ही कोणत्याही पुरस्काराहून मोठी पावती आहे.

या यशातच धोकाही आहे. तांबेऱ्याविरुद्धची ‘आरपीपी’ नावाची जी जनुके आजवर सापडली, त्यांतील प्रत्येक जनुक बुरशीच्या काही रूपांना ओळखते, काहींना नाही. एकच वाण लाखो एकरांवर पसरले की त्याला चुकवू शकणाऱ्या रूपाला सगळे रान मोकळे मिळते. या बुरशीच्या जनुकसंचाचा सुमारे ९३ टक्के भाग जागा बदलणाऱ्या डीएनए तुकड्यांनी व्यापलेला आहे, असे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. असा शत्रू एका कुलपाने अडत नाही.

दुसरे कुलूप कोठे मिळाले, हे मराठी वाचकाला गंमतीचे वाटेल. २०१६मध्ये शास्त्रज्ञांनी तुरीतील एक जनुक सोयाबीनमध्ये घातले आणि त्या रोपांनी तांबेऱ्याला दाद दिली नाही. आपल्याकडे सोयाबीनच्या ओळींशेजारी दर खरिपात उभी असते तीच ही तूर! मात्र जनुकबदल सोयाबीनच्या लागवडीला भारतात परवानगी नाही. २०२१मध्ये १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला ती मिळाली होती, ही विसंगती ज्याची त्याने समजून घ्यावी. तोवर आपल्या पैदासकारांना अनेक जनुके एका वाणात एकत्र आणण्याचे काम संकर आणि निवड याच मार्गाने करायचे आहे. ते वर्षांचे नव्हे, दशकांचे काम आहे.

या कष्टाला सुरुंग लावणारी एक गोष्ट मात्र आपणच करीत आहोत. खरिपाच्या बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीनला प्रोत्साहन दिले जाते. बियाण्याची निकड खरी आहे, हे मान्य. पण तांबेऱ्याची बुरशी केवळ जिवंत पानावर वाढते. तिला उन्हाळ्यातही हिरवे सोयाबीन मिळाले, तर पावसाळ्यापर्यंत तिची उपासमार होत नाही. ब्राझीलने २००६पासून राज्याराज्यांत शेतात सोयाबीनचे एकही रोप न ठेवण्याचा काळ सक्तीचा केला, तो याच कारणाने. कृष्णाकाठच्या जिल्ह्यांत तरी उन्हाळी लागवड टाळावी आणि बियाणे तांबेऱ्याचा त्रास नसलेल्या कोरड्या भागात तयार करावे. कृषी खात्याने याचा निर्णय घेण्यास आणखी एका साथीची वाट पाहू नये.

बेळगाव जिल्ह्यातील उगार खुर्द येथे तांबेरा जोरात येतो, म्हणूनच वाणांची कसोटी तेथे घेतली जाते. बियाण्याच्या पिशवीवर ‘तांबेरा प्रतिकारक’ असे छापताना, ही कसोटी त्या वाणाने शेवटची कोणत्या वर्षी पार केली तेही शेजारी छापावे. शेतकरी वाणाचे वय विचारतोच. त्याला हेही वाचता येईल.