यंत्रांचा घसारा आणि माणसांची वृद्धी

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्का’ हा महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आला. तो आणि नोएडा येथील ‘अरुणिका’ यांवर मिळून ८५० कोटी रुपये खर्च झाले. मान्सूनवर ज्या देशाची शेती अवलंबून आहे, त्या देशाने हा खर्च केला याबद्दल कोणी कुरकुर करू नये. तथापि, याच संस्थेत २०१८ मध्ये बसविलेल्या ‘प्रत्यूष’ची क्षमता सुमारे ४ पेटाफ्लॉप होती आणि ‘अर्का’ची ११.७७ आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सहा वर्षांत कालचे नवल जुने झाले. अर्थशास्त्रात याला घसारा म्हणतात. तो यंत्राला लागतो. शिकलेल्या माणसाची किंमत मात्र वर्षागणिक वाढत जाते. आपले नियोजन नेमके हेच विसरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

संगणकीय विज्ञान म्हणजे संगणकाचे विज्ञान नव्हे. निसर्गातील प्रश्न गणिताच्या भाषेत मांडून ते संगणकाकडून सोडवून घेणे, हे त्याचे कार्य. २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कारप्लस, लेविट व वार्शेल यांना रासायनिक क्रियांची अशीच प्रतिरूपे रचल्याबद्दल मिळाले. २०२१ मध्ये भौतिकशास्त्राच्या पारितोषिकातील वाटा स्युकुरो मानाबे यांना हवामानाच्या प्रतिरूपांसाठी लाभला. हे मानाबे १९५८ मध्ये जपान सोडून अमेरिकेच्या हवामान खात्यात गेले होते. जेथे यंत्र, वेतन आणि निवांतपणा एकत्र मिळतात तेथे बुद्धी जाते. तिला दोष देऊन उपयोग नाही.

१९९१ हे वर्ष या संदर्भात उद्बोधक आहे. त्या वर्षी पुण्याच्या ‘सी-डॅक’ने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ सिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने संगणकीय विज्ञानातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र अधिछात्रवृत्ती सुरू केली. चार वर्षांपर्यंत शिक्षणशुल्क आणि निर्वाहवेतन, विज्ञान, गणित व संगणक या तिन्हींचा सक्तीचा अभ्यास, आणि बारा आठवडे राष्ट्रीय प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम, अशी तिची रचना. हा परोपकार नव्हता. आपल्या प्रयोगशाळांना उद्या माणसे लागणार, हा रोकडा हिशेब त्यामागे होता. एका देशाने यंत्र घडविले. दुसऱ्याने यंत्रांबरोबर माणसेही घडविण्याची सोय केली.

आपल्याकडे काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या ४,५०० कोटींच्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेत मनुष्यबळाच्या प्रशिक्षणाचाही समावेश होता. २०१८ पासून पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत दरमहा ७०,००० रुपयांपासून पुढे मिळू लागले. परंतु ती निवडक संस्थांतील मोजक्यांसाठी. बाकीच्यांचा आधार राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा. तेथे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या परीक्षेत विषय पाच: भौतिक, रसायन, गणित, जीव आणि पृथ्वी. संगणकशास्त्राची परीक्षा विद्यापीठ अनुदान आयोगाकडे. संगणकीय विज्ञान या दोन दारांच्या मधल्या ओसरीत उभे!

रकमेचे म्हणाल, तर कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २०१४ मध्ये २५,००० रुपये होती, २०१९ मध्ये ३१,००० आणि २०२३ मध्ये ३७,००० झाली. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारतो. संशोधकाने मात्र चार-चार वर्षे थांबावे आणि मधल्या काळात निवेदने द्यावीत.

आमच्या महाविद्यालयातील एका लिपिकाची मुलगी भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झाली. मान्सूनच्या प्रतिरूपांवर काम करावे, ही तिची इच्छा. पात्रता परीक्षाही ती उत्तीर्ण झाली. पण ज्या विभागात जायचे होते, तेथील विद्यार्थ्यांची वृत्ती सहा-सहा महिने थकत असल्याचे तिला कळले. “सर, बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होतात. घरी काय सांगू?” असे तिने विचारले. अर्थशास्त्राच्या अध्यापकाकडे उत्तर नव्हते. आज ती हिंजवडीत एका परदेशी विमा कंपनीच्या संगणकप्रणाली दुरुस्त करते. संधी खर्च ही संकल्पना वर्गात शिकविताना आता मला पाठ्यपुस्तकातले उदाहरण लागत नाही.

थोडा हिशेब करू. २०२३ च्या दराने पहिली दोन वर्षे ३७,००० आणि पुढील तीन वर्षे ४२,००० धरल्यास, घरभाडे वगळून, एका संशोधकावर पाच वर्षांत २४ लाख रुपये खर्च होतात. ८५० कोटींचा दशांश म्हणजे ८५ कोटी. तेवढ्यात साडेतीनशे संशोधक पाच वर्षे उभे राहतात. त्यांतले शंभर जरी टिकले, तरी ते पुढील तीस वर्षे काम करतील आणि तोवर पाच महासंगणक भंगारात गेले असतील.

म्हणून मागणी साधी आहे. महासंगणकाच्या प्रत्येक खरेदीबरोबर किमतीचा दशांश माणसांसाठी राखून ठेवावा. अधिछात्रवृत्ती महागाईच्या निर्देशांकाशी जोडावी आणि ती पगाराप्रमाणे महिन्याच्या एक तारखेला खात्यावर पडावी. पीएच. डी.नंतर कंत्राटाच्या तुकड्यांऐवजी नियमित पदे असावीत. हे महाग वाटत असेल, तर पर्यायाची किंमतही मांडावी. ती किंमत त्या मुलीने आधीच चुकती केली आहे. देशाच्या वहीत तिची नोंद तेवढी व्हायची आहे.