जुने फोटो आणि मनाला येतील ती सालं

मंडळी, आज जरा तावातावाने लिहितो आहे, सांभाळून घ्या.

जुने फोटो इकडून तिकडे पाठवणाऱ्यांनी त्याखाली साल लिहिणं एकतर थांबवावं, नाहीतर नीट लिहावं. परवा आमच्या घरच्या ग्रुपवर असाच एक फोटो आला. पाण्यात बुडालेला रस्ता आणि खाली 'पानशेतचा पूर, पुणे'. कडेला चौकोनी बांध्याची फियाट उभी, म्हणजे पुढे जिला पद्मिनी म्हणू लागले ती. आता पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. ही गाडी आपल्याकडे आली १९६४ मध्ये, आणि पद्मिनी हे नाव तर १९७४ चं. त्याआधीची गुबगुबीत फियाट वेगळी, तिला लोक डुक्कर फियाट म्हणायचे! तीन वर्षांनी जन्मणारी गाडी पुरात कशी बुडाली?

हे लिहिलं तर उत्तर आलं, "काका, भावना समजून घ्या." कसली भावना? त्या पुरात माणसं गेली, वाडेच्या वाडे बसले. असा एक फोटो खोटा निघाला की उद्या नातवंडं खऱ्या फोटोलाही हसतील.

आता दुसरी बाजू. गाड्यांचे शौकीन. यांच्याशी माझं भांडण जास्त आहे, कारण यांना कळतं. घाटातला एखादा फोटो दिसला की लगेच, "१९३८ ची शेव्हरोले, म्हणजे फोटो १९३८ चा." अहो, गाडीचं साल ते फोटोचं साल कसं? त्यावरून एवढंच कळतं की फोटो त्याआधीचा नाही. जनरल मोटर्स १९२८ ते १९५४ मुंबईत शिवडीला गाड्या जुळवत होती. त्या गाड्या लोकांनी मोडीत काढल्या नाहीत, वापर वापर वापरल्या. साठच्या दशकात मी शाळकरी असताना तीस-पस्तीस वर्षांच्या गाड्या सामान लादून खंडाळ्याचा घाट चढताना पाहिल्या आहेत. वर आल्या की बोनेट उघडून, रेडिएटरमध्ये पाणी ओतून उभ्या. (अशाच एका फोटोखाली 'घाटातील भीषण अपघात' लिहिलेलं वाचलं. धन्य!)

त्यापेक्षा नंबरप्लेट बघा. एमएच आणि पुढे १२ किंवा १४ दिसलं तर फोटो १९८९ च्या आधीचा असूच शकत नाही. दुकानांच्या पाट्या बघा, सिनेमाची पोस्टरं बघा. अँबॅसडरवर मात्र फार विसंबू नका. ती १९५७ ला आली आणि २०१४ पर्यंत निघत होती, तेवढ्यात माझी सगळी नोकरी होऊन पेन्शनही सुरू झालं.

आणि त्याच घाटाच्या फोटोत डोक्यावर मोळी घेऊन चाललेली एक बाई होती. पंचावन्न जणांनी गाडीबद्दल लिहिलं, बाईबद्दल एकानेही नाही. मावळात राहून हे बघवत नाही. मोळी कुठल्या बाजारात चालली, नेसणं कसं आहे, पायात काही आहे का, यावरूनही काळ कळतो की.

हल्ली कॉम्प्युटरवर फोटो रंगीत करून पाठवतात. त्यात नंबरप्लेटवरची अक्षरंच विरघळतात. तेव्हा नातेवाईकांनो, मला रंगवलेलं काही पाठवू नका. मूळ फोटो पाठवा, आणि पाठीमागची बाजूसुद्धा. आपल्या आजोबांच्या पिढीला तिथे पेन्सिलीने तारीख लिहायची सवय होती.