संगणकाचा पंखा : वारा, आवाज आणि आयुष्य

संगणकाच्या पेटीतील पंखा घेताना बहुतेक ग्राहक तो वारा किती देतो एवढेच पाहतात. ही दृष्टी अपुरी होय. पंख्याचा वारा वेगाच्या प्रमाणात वाढतो. त्यासाठी लागणारी शक्ती मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला, की वारा निम्मा होतो, शक्ती अष्टमांशावर येते आणि आवाज सुमारे १५ डेसिबेलने उतरतो. १२० मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्र ८० मिलिमीटरच्या पंख्याच्या सव्वादोन पट असते. त्यामुळे तो सावकाश फिरूनही तितकाच वारा देऊ शकतो. वाचनालयात मोठा पंखाच हवा. विजेची बचत मात्र एका पंख्यामागे एकदोन वॅटांचीच. तिचा फार गाजावाजा नको.

खरा प्रश्न टिकाऊपणाचा आहे. साध्या बेअरिंगमधील तेल उष्णतेने हळूहळू उडून जाते. बॉल बेअरिंग उष्णता अधिक सोसते, परंतु झिजले की कुरकुरू लागते. ज्यात आस तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, ते बेअरिंग शांतही असते आणि टिकाऊही. चार पैसे अधिक पडले तरी शाळांनी तेच घ्यावे. उत्पादकांनी छापलेले आयुष्याचे तास पुष्कळदा शंभरांतील १० पंखे निकामी होईपर्यंतचे असतात, आणि तेही ठरावीक तपमानाला. ते तपमान २५ अंश सेल्सिअस की ४०, हे विचारल्यावाचून दोन आकड्यांची तुलना करू नये. मे महिन्यात नागपूरला किंवा बिकानेरला बाहेरची हवाच ४० अंशांपलीकडे जाते, आणि पेटीतील हवा खोलीतील हवेहून उष्ण असते.