‘करलं’ आणि ‘केलं’

चार वर्षांचे पोर ऐटीत सांगते, “मी करलं!” घरातली मोठी माणसे हसून म्हणतात, “करलं नव्हे रे, केलं.” व्याकरण शिकवणाऱ्या मला मात्र त्या ‘करलं’चे कौतुक वाटते. घरात तसे कोणीच बोलत नाही. मग त्याने ते आणले कोठून? ‘बसलं’, ‘हसलं’, ‘पडलं’ ऐकता ऐकता त्याने भूतकाळाचा नियम आपला आपण शोधला आणि ‘कर’ला लावून पाहिला. चूक खरी, पण ती वैयाकरणाची चूक!

मोठ्यांची तऱ्हा निराळी. आमच्या आर्णीच्या बाजारात परप्रांतीय व्यापारी आकडे आणि भाव चटकन उचलतो. आरंभी प्रौढच पुढे असतो. पण ‘तो घर’ म्हणताच कोणी हसले, की तो मुकाट्याने हिंदीवर येतो. बुद्धी कमी पडत नाही. लाज आडवी येते. तांड्यावरचे गोरमाटी बोलणारे पोर तीच चूक दहादा करते आणि मराठीत भांडून डाव जिंकते.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ साली आजीबाईंची शाळा निघाली. साठीपुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, शेजारी शेजारी बसून अक्षरे गिरवू लागल्या. सगळ्याच नवख्या, कोणी कोणाला हसायचे?

तेव्हा गुरुजी, तांड्यावरचे पोर वर्गात ‘करलं’ म्हणाले तर तांबडी शाई जरा बेताने! ‘केलं’ त्याला उद्या येईलच. आज गेलेली हिंमत मात्र साठीनंतर, गुलाबी लुगडे नेसून परत आणावी लागते.