आधी मैदान, मग चषक

कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला देशात मान मिळवायचा असेल तर काय हवे? ठरलेले उत्तर असते: उंच मुली शोधा, नावाजलेला कोच आणा. मला ते अपुरे वाटते. चषक एखाद्या वर्षी जिद्दीवरही मिळतो. मान टिकवायचा तर मुलींना रोज हक्काचे मैदान, सोयीची वेळ आणि पैसा लागतो.

आपल्याकडे गुणी मुलींची वाण नाही. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार झाली. नागपूरची सिया देवधर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून तीन-तीन खेळाडूंच्या बास्केटबॉलमध्ये खेळली. पण विदर्भातल्या कोणत्या कॉलेजच्या मुलींच्या संघाचे नाव देशभर घेतले जाते?

मी कोराडीत राहते. इथल्या औष्णिक केंद्राची वीज राज्याला उजेड देते, आणि इथल्या मुलीला मात्र दिवेलागणीच्या आत घरी परतायचे असते. सराव नागपुरात, तोही मुलांचा आटोपल्यावर. मग परतीची बस, अंधारातला रस्ता, शेजाऱ्यांचे प्रश्न. दोन महिन्यांत मुलगी यायची थांबते आणि कॉलेज म्हणते, ‘मुलींना आवडच नाही.’ आवड नाही की सोय नाही, हे कोणी विचारत नाही.

अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ इमॅक्युलाटा हे तेव्हा मुलींचे छोटे कॉलेज होते. १९७२ ते १९७४ अशी सलग तीन वर्षे तिथल्या मुलींनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. कॉलेजला धड व्यायामशाळा नव्हती. पहिल्या स्पर्धेच्या प्रवासखर्चासाठी मुलींनी दात घासायचे ब्रश विकले, तरी अकरापैकी आठच जणी जाऊ शकल्या. ही जिद्द थोरच. पण १९७२ मध्येच तिथे ‘टायटल नाइन’ कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी भेद करायला बंदी आली. हळूहळू मोठी विद्यापीठे मुलींच्या संघांवर पैसा खर्चू लागली, शिष्यवृत्त्या देऊ लागली, आणि इमॅक्युलाटा मागे पडले. आपण मात्र अजूनही मुलींच्या जिद्दीचेच गोडवे गातो, कारण त्याला खर्च येत नाही.

शिवाय सुरक्षितता. २०२३ मध्ये कुस्तीगीर मुलींना न्यायासाठी दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले, हे आपण पाहिले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. त्याखालची तक्रार समिती कॉलेजात असतेही, पण दौऱ्यावर गेलेल्या संघातल्या मुलीला तिच्यातल्या एका बाईचे तरी नाव ठाऊक असते का?

मैत्रिणींनो, आपण खेळाडू नसलो तरी हा प्रश्न आपलाच आहे. आपापल्या गावच्या कॉलेजात जाऊन विचारू या: क्रीडानिधी मुलींवर किती खर्च झाला? मैदान त्यांना कोणत्या वेळी मिळते? सरावानंतर घरी पोचवायला गाडी आहे का? संघाबरोबर स्त्री प्रशिक्षक जाते का? उत्तरे लेखी मागू या. दुसऱ्या जिल्ह्यातली आई ज्या दिवशी आपली मुलगी या संघात खेळावी म्हणून तिला निर्धास्तपणे त्या कॉलेजात धाडेल, त्या दिवशी मान मिळायला सुरुवात झाली असे मी समजेन.